दिवसाच्या लाईटचा आठवडा

ज्या माणसाला आपलं तोंड बघून झोप लागली होती, तोच माणूस सांगलीत, विश्रामबागेतल्या दवाखान्यात, आपल्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेला दिसेल असं क्रांतीला कधी वाटलं नव्हतं.

बरं, झोप म्हणजे नुसती जांभई नव्हे. दिवाळी झाल्यावर कराडजवळ मलकापूरला क्रांतीच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. मुलगा उंब्रजजवळचा, बीएस्सी ॲग्री, घरची ऊसशेती, थोरला भाऊ फौजेत. नाव वीरधवल. त्याच्या मामांनी क्रांतीला विचारलं, "नोकरीत काम काय काय असतं?" ती सांगू लागली... आणि या वीरधवलानं पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, सोफ्याला डोकं टेकून, चक्क घोरायला सुरुवात केली. मामांनी कोपर मारलं तशी बशी सतरंजीवर आणि पोरगं उभं. पाहुणे चहाला थांबलेच नाहीत. क्रांतीनं नकार कळवायला सांगितलं. कारण मात्र सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

तिनं सांगितलं नाही म्हणून लोकांनी आपापलं कारण तयार केलं. पितो, असं कुणी म्हणालं. मनात दुसरीच असेल, असंही म्हणून झालं. क्रांतीच्या मावशीनं तर फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, "अगं, नुसतं अंग बघण्यासारखं. आत काहीतरी कमी असणार बघ."

आणि आता तो इथं. ग्रंथी आणि हार्मोनच्या डॉक्टरकडे. क्रांती आईच्या थायरॉईडसाठी आली होती, पण हा कशाला?

त्यानं तिला बघितलं. खिशात हात घातला, घडी पडलेला मास्क काढला आणि तोंडाला लावला. करोना जाऊन वर्षं झाली होती. क्रांतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

खरं तर ती पाल तिच्या मनात कायमच मुक्कामाला असे. क्रांती वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता. उंब्रज भागातल्या शेतीच्या लाईनी तिच्याकडे. तारेवर टाकलेले आकडे बघून, 'मॅडम, मोटार बंदच असती' म्हणणाऱ्याच्या मागं घुमणारी मोटार ऐकून तिचा स्वभावच असा झाला होता की कुणी नाव सांगितलं तरी आधी मीटर बघावासा वाटे.

"ओळखलं मी," ती म्हणाली. "मास्क काढा. गुदमराल."

"...नमस्कार मॅडम." मास्क हनुवटीवर आला.

"कुणासाठी आलाय?"

"चुलत्यांसाठी."

"कुठायत ते?"

"ते... चहाला गेल्यात खाली."

तेवढ्यात काऊंटरवरच्या मुलीनं फाईलमधून डोकं वर केलं आणि सबंध हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वीरधवल कोण? तुमचा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट सकाळचाच आहे ना? दुपारचं सॅम्पल असेल तर मॅडम बघत नाहीत."

हॉलमधल्या झाडून साऱ्या माना वळल्या. वीरधवलचे कान आधी तांबडे झाले, मग जांभळे. तो उठला.

"चुलते लवकर आले की चहावरून," क्रांती हळूच म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. एवढं मोठं अंग, आणि डोळे मात्र वर्गात पट्टी खाल्लेल्या पोराचे... क्रांतीला आपलंच बोलणं खटकलं. आई कानाशी लागली, "तोच ना गं हा? घोरणारा?" क्रांतीनं आईच्या हातात पाण्याची बाटली दिली.

आईची तपासणी झाली, आई औषधांच्या दुकानात गेली आणि क्रांती खाली आली, तर तो जिन्याच्या तोंडाशी वाट बघत उभा.

"मॅडम, एक इनंती हाय. हे उंब्रजला कुणाला कळायला नको."

"मी कशाला सांगू?"

"तुमचा काय भरवसा?" तो शांतपणे म्हणाला. "तुमी न्हाई म्हणालात तवा कारण सांगितलं न्हाई. तरी गावात चार कारणं फिरत्यात. त्यानंतर दोन स्थळं आली, ती बी चौकशी करूनच परत गेली."

हे तिला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे.

"आणि तुम्ही झोपलात, त्याचं कारण?"

"तेच शोधायला आलोय की."

मग उभ्या उभ्या, रस्त्याकडे बघत, त्यानं सांगितलं. अंगात जीव नसतो. कशात मन लागत नाही. जिम चालवणारा मित्र सूरज म्हणाला, हे सगळं टेस्टोस्टेरॉनचं काम. सूरजनंच कराडच्या कुठल्याशा पुरुष आरोग्य केंद्रात नेलं. रक्त घेतलं, कमी निघालं, लगेच सांगितलं की इंजेक्शनं सुरू करा, जन्मभर घ्यावी लागतील. ते जन्मभर ऐकून तो घाबरला आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही म्हणून सांगलीला आला. इथल्या डॉक्टर चंदना पाटील म्हणाल्या, एका रिपोर्टवर काही ठरत नाही, पुन्हा सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. ते दिलं, आणि आज...

"आज?"

"परत कमीच. लय न्हाई, काठावर. मग म्हणाल्या, खरं सांगा, जिममध्ये आधी कसली इंजेक्शनं घेत होता का? भायेरनं घेतलं की आतलं बंद पडतं म्हणं. मी न्हाई म्हणलं, तर परत तेच इचारलं."

क्रांतीची नजर तिच्याही नकळत त्याच्या दंडांवर गेली. दंड भरलेले. डोळे तारवटलेले. नखांत काळी माती.

"घेत होता?"

तो जरा हसला, तेही नीट नाही. "तुमी पण?" म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

एस्टीत आई घोटभर पाणी पिऊन झोपी गेली. क्रांती खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर मोजल्यासारखं करत होती. तो खोटं बोलत होता का? चुलत्यांचं खोटं तर त्याला धड जमलंही नव्हतं. मग हे जमलं असतं? ...आणि आपण एवढा विचार का करतोय?

हा शेवटचा प्रश्न तिला अजिबात आवडला नाही.

पुढचे काही दिवस ती वायरमनला आडून आडून विचारत राहिली. तो अमक्या वस्तीवरचा पोरगा कसा आहे? वायरमन म्हणाला, "चांगला हाय की. का मॅडम, आकडा टाकलाय का त्यानं?" ती म्हणाली, तसं काही नाही. मग वायरमनच तिच्याकडे संशयानं बघायला लागला.

मग एक दिवस त्याच वस्तीवरून तक्रार आली. डीपीतला फ्यूज सारखा उडतोय. असली तक्रार वायरमन एकटा निस्तरतो, पण क्रांती म्हणाली, "चला, मीही येते." फेब्रुवारीचं ऊन चढत होतं. वायरमन डीपीपाशी थांबला आणि ती बांधावरून पंपाच्या खोलीकडे निघाली. दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच ऊस, पायाखाली ओली माती, हवेत कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर वास.

खोलीच्या सावलीत बाज होती. बाजेवर वीरधवल. एक पाय चिखलाचा, एक धुतलेला. धुता धुताच झोप लागली असावी. उशाशी मोबाईल वाजून वाजून बंद पडला, तरी हा हलला नाही. झोपेत त्याच्या कपाळावरची आठी पार गेली होती. क्रांती जरा जास्तच वेळ बघत राहिली... आणि मग तिला खोलीतल्या खुंटीखालच्या फळीवर, स्टार्टरच्या शेजारी, औषधाचा नवा खोका दिसला.

ती आत गेली आणि तिनं नाव वाचलं. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन.

"वीरधवल."

तो धडपडून उठला. तिला बघितलं, तिच्या हातातला खोका बघितला.

"डॉक्टरांना नाही म्हणाला होतात ना?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी विचारलं तेव्हा मानी माणसासारखे निघून गेलात. आणि हे काय?"

"फोडलेलं न्हाई. बघा की."

तिनं बघितलं. चारी बाजूंनी बघितलं. सील जागेवर होतं.

"सूरजनं आणून दिलंय. आज सांजच्याला टोचायला येणार हाय. मी म्हणलं, बघू." तो बाजेच्या काठावर बसला. "डॉक्टरांनी अजून हो म्हणलेलं न्हाई. त्या म्हणाल्या, ह्यानं तुमच्या अंगात आपलं आपण जे तयार होतंय ते थांबंल. आणि... पुढं लेकरू-बाळ हवं असंल तर आत्ता घाई करू नका, बीज कमी हुतंय."

बोलता बोलता तो थांबला. दोघांनीही एकदम उसाकडे बघितलं. उसात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग तरी घेणार?" तिनं विचारलं.

"मग काय करू मॅडम? दोनदा रिपोर्ट कमी आला. आई रोज इचारती, तुला काय हुतंय. काय सांगू तिला? दिवसाढवळ्या असा पडून असतोय."

"दिवसाढवळ्या का पडता?"

"रातीला उसाला पाणी पाजायचं, दारं धरायची असत्यात ना. लाईट तुमची रातीचीच हाय ह्या आठवड्यात. तुमालाच ठाऊक."

तो हे अगदी सहज बोलला. पावसाबद्दल बोलावं तसं. पण क्रांती जागच्या जागी थांबली. वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. शेतीच्या लाईनीला एक आठवडा दिवसा वीज, पुढचा आठवडा रात्री. या वस्तीला सांगलीला गेलो त्या आठवड्यात... रात्रीची.

"सांगलीच्या रिपोर्टसाठी रक्त कधी दिलं होतं?"

"त्याच आठवड्यात. आदल्या दिवशी."

"आणि कराडला? सूरजबरोबर?"

तो आठवू लागला. "तवा बी रातीचीच हुती. दिवसाची लाईट असली की मला हलता येत न्हाई मॅडम. मोटारीपाशी दिवसभर थांबावं लागतंय. भाऊ तिकडं सरहद्दीवर, वडलांचा गुडघा गेलेला. मग कराडला, सांगलीला जायचं तर रातीच्या लाईटच्या आठवड्यातच. दिवस मोकळा असतोय."

"म्हणजे रात्रभर उसात उभं राहायचं आणि सकाळी तसंच एस्टीत बसून रक्त द्यायला जायचं?"

"व्हय. उपाशीपोटीच जात हुतो की. चहा बी पीत न्हवतो."

क्रांतीला हसावं की रडावं कळेना. "डॉक्टरांनी विचारलं नाही, झोप नीट होते का म्हणून?"

"इचारलं की. हुती म्हणलं. पाणी सोडलं की सरीच्या टोकाला जाईस्तोवर बांधावर डोळा लागतोयच. दुपारी हितं लागतोय. ते झोपच हाय की."

"ती झोप नव्हे हो," ती म्हणाली. "रात्रीच्या झोपेत हे तयार होतं म्हणून तर सकाळचं रक्त मागतात. रात्र झालीच नाही तर सकाळ कसली? मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल. पण हे सगळं जसंच्या तसं त्यांना सांगा, आणि त्या सांगतील तोवर टोचून घेऊ नका."

तो बाजेची दोरी चाचपत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तुमच्या घरी आलतो... तवा बी रातीचीच लाईट हुती."

तिला ते आधीच उमगलं होतं. बोलवत नव्हतं एवढंच. तिला बघायला तो रात्रभर पाणी पाजून आला होता. आपण ते तोंडावर मारलेला अपमान समजून बसलो, आणि ती वीज तर आपल्याच सबस्टेशनमधून सुटत होती.

"लाईटची वेळ मी बदलून देणार नाही," तिनं उगाचच करड्या आवाजात सांगितलं. "ते वरून ठरतं."

"मी मागितली बी न्हाई," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच नीट हसला. "खोका तुमीच न्या. माझा भरवसा न्हाई ना तुमाला?"

"नाही," ती म्हणाली आणि खोका पर्समध्ये टाकला.

तिथून तीन माणसांचे संशय वाढले. सूरज संध्याकाळी येऊन रिकाम्या फळीकडे बघून गेला. कुणीतरी मध्ये पडलंय, एवढं त्यानं ओळखलं. वायरमनला तर आता खात्रीच झाली होती. आणि मलकापूरला आईनं सुट्टे पैसे शोधायला लेकीची पर्स उघडली, ती पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"क्रांती, हे काय आहे? आणि कुणाचं आहे?"

दुसऱ्या प्रश्नाला क्रांती अशी काही लाजली की आईला पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची गरजच उरली नाही. तरी तिनं बसवून सगळं काढून घेतलं. शेवटी म्हणाली, "आणि आम्ही त्या पोराला घोरणारा म्हणून हिणवलं."

वीरधवलनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुढचं रक्त दिवसाच्या लाईटच्या आठवड्याच्या शेवटी द्या. रोज रात्री नीट झोपा, त्या आठवड्यात जिम नको, सूरजनं अंग भरायला दिलेला पावडरचा डबा तर नकोच. मोटारीचं काय? रक्त द्यायच्या दिवशी मोटार बंद. एक दिवस ऊस तहानला म्हणून मरत नाही. हे शेवटचं वाक्य क्रांतीचं होतं, आणि ते ऐकायला त्यानं मुद्दाम दोनदा फोन केला.

त्या आठवड्यात तो रोज सकाळी एकच निरोप धाडी. 'झोपलो.' ती वाचे आणि संशयानं उलट विचारी, 'खरंच?' मग तो म्हणे, 'आईला इचारा.' एकदा तिनं रात्री शुभरात्री म्हटलं, तर त्याचं उत्तर सकाळी उजाडल्यावर आलं. क्रांतीला त्या उशिराचा इतका आनंद झाला की ऑफिसात तिनं दोन तक्रारी हसत हसत घेतल्या.

रिपोर्टच्या दिवशी दुसरा शनिवार होता. "तुझा थायरॉईडचा रिपोर्ट आणायला सांगलीला जाते," ती आईला म्हणाली.

"माझा रिपोर्ट मोबाईलवर येतो," आई म्हणाली. "जा. डबा दोघांना पुरेल एवढा भरलाय."

डॉक्टर चंदनांनी कागद दोनदा वाचला. क्रांती बाहेर बसणार होती, पण त्यानंच "त्यांना बी आत येऊ द्या" म्हटलं. क्रांतीनं खोका टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी आधी सील बघितलं. एवढ्यासाठी क्रांतीला त्या फार आवडल्या.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "वयाला साजेसा. खात्रीसाठी एकदा पुन्हा करू, पण याच पद्धतीनं. इंजेक्शनाची गरज मला दिसत नाही. झोपेची आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात कुणीतरी वाटून घ्यायला बघा. आणि मी तुमच्यावर संशय घेतला, त्याचं..."

"त्याचं काय न्हाई," वीरधवल म्हणाला. "मला आता सवय झालीय."

आणि त्यानं क्रांतीकडे बघितलं. तिनं पर्सची चेन उगाच लावली, उघडली, पुन्हा लावली.

साताऱ्याची एस्टी अर्धी रिकामी होती. ती खिडकीशी, तो शेजारी, मध्ये डबा. आष्टा गेलं तरी डबा तसाच बंद होता.

"आता कसला विचार करताय?" शेवटी तिनंच विचारलं.

"तुमी मला कारण न सांगता न्हाई म्हणला हुता. मी सांगू का, मी का झोपलो?"

"माहीत आहे. रात्रीची लाईट."

"तेवढंच न्हाई." तो पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत होता. "दहा लोक बसलेले, मामा उगं रुबाब करत हुते, माझी छाती धडधडत हुती. मग तुमी बोलायला लागला. लाईन, डीपी, कुठं तार तुटती, तुमी कशी जाता... त्या आवाजानं एकदम बरं वाटलं बघा. सगळं नीट हाय, कुणीतरी बघायला हाय, असं. आणि डोळा लागला." तो थांबला. "आता जागा हाय मी. क्रांती... जागेपणी इचारतोय. बघशील का परत एकदा?"

त्याच्या तोंडचं मॅडम पहिल्यांदाच गळून पडलं होतं. ती बाहेर बघू लागली. बाहेर ऊस तुटून मोकळी झालेली रानं पळत होती. आयुष्यभर ज्याचं-त्याचं मीटर बघत आलेल्या पोरीला या माणसाचं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता. बसला होता म्हणजे अगदी घर करून बसला होता.

"विचार करते," ती म्हणाली. आवाज मात्र आधीच हो म्हणून गेला होता. "पण एक खरं सांग. काल रात्री झोपलास?"

उत्तर आलं नाही. तिनं वळून बघितलं.

तो झोपला होता. काल रात्रीची लाईट होती, त्यातून आजची धास्ती. त्याचं डोकं हळूहळू कलत आलं आणि पेठ नाक्याच्या वळणावर तिच्या खांद्यावर टेकलं. क्रांती हलली नाही. दिवाळीनंतर याच झोपेनं तिचा जीव जाळला होता. आता त्या श्वासानं तिच्या ओढणीचं टोक हलत होतं आणि ती जपून, हलकेच श्वास घेत होती, त्याला जाग येऊ नये म्हणून.

"ताई, मलकापूर," कंडक्टर म्हणाला.

"पुढचं तिकीट द्या," ती कुजबुजली. "उंब्रज."

कंडक्टरनं खांद्यावरच्या डोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मशीनचा आवाज होऊ नये म्हणून ते छातीशी धरून तिकीट काढलं.

गाडी कराड सोडून पुढे निघाली तेव्हा आईचा फोन आला.

"उतरलीस का गं?"

"नाही... उंब्रजला निघालेय. लाईनीचं जरा काम आहे."

"आज सुट्टी आहे ना तुला?" मग आईनं विचारलं, "रिपोर्ट कसा आला?"

"चांगला."

"मग बोलवू का पाहुण्यांना? उद्या रविवार आहे."

क्रांतीनं खांद्यावरच्या केसांकडे बघितलं. त्यांत उसाच्या पाचटाचं एक कुसळ अडकलं होतं. ते तिनं बोटानं अलगद काढलं.

"उद्या नको आई," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बोलव. तेव्हा त्यांच्याकडं दिवसाची लाईट असते."